मरळीचा उपास

भाड्याने जागा हवी म्हणून मी दार ठोठावलं, तेव्हा माझ्या होणाऱ्या घरमालकांनी नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, नोकरीसुद्धा विचारली नाही. त्यांनी विचारलं, "शेवटचं कधी जेवलात?"

मला वाटलं, लोणावळ्याची माणसं भलतीच अगत्यशील दिसतात. मी भिडेखातर म्हणालो, "जेवूनच निघालोय. तुम्ही त्रास घेऊ नका."

"त्रास कसला? मी नुसतं विचारतोय. कधी जेवलात आणि काय?"

"सकाळी. पिठलं-भाकरी."

त्यावर त्यांनी माझ्या सदऱ्याच्या खालच्या गुंड्यांकडे असं काही निरखून पाहिलं, की मी हातातली छत्री पोटापुढे धरली. "म्हणजे एव्हाना दाणे संपत आले असतील," असं ते स्वतःशीच पुटपुटले आणि मागच्या दोन खोल्या त्यांनी मला देऊन टाकल्या. कसले दाणे, हे विचारायचा धीर मला पुढे बरेच दिवस झाला नाही.

ही गोष्ट दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची. मी लोणावळा स्टेशनात पार्सल-क्लार्क होतो. माझं नाव त्यांनी कधी लक्षातच ठेवलं नाही. ते मला सरळ 'पार्सल' म्हणायचे. गाव त्यांना 'प्रोफेसर' म्हणे आणि तीही पदवी काही खरी नव्हती. मुंबईच्या एका कॉलेजात पोरांना मेलेले बेडूक वाटायचे आणि फाडून दाखवायचे, एवढंच त्यांचं काम होतं. तिथल्या मोठ्या साहेबांशी त्यांचं बिनसलं. साहेब भर वर्गात म्हणाले, "तुमचा हात उत्तम आहे हो, पण संशोधनाला नुसता हात पुरत नाही." झालं! त्याच दिवशी राजीनामा, आणि वडिलांनी हवापालटासाठी बांधलेल्या लोणावळ्याच्या घरात कायमचा मुक्काम. पदवी मग गावानेच दिली, त्यामुळे ती काढून घ्यायची कुणाची टाप नव्हती.

या घरात बसून ते मरळीच्या जठरावर संशोधन करत. मरळ म्हणजे आमच्याकडच्या नदी-तळ्यांतला, सापासारख्या तोंडाचा काळसर मासा. अख्ख्या मरळीशी त्यांना कर्तव्य नव्हतं. फक्त जठर. एकदा मी विचारलं, "मग डोक्याचं काय करता?" तर म्हणाले, "डोक्यावर काम करणारे लोक वेगळे असतात."

आता जठराचं काम म्हणजे काय, तर शेंगदाण्याएवढा तुकडा आधी औषधात मुरवायचा, मग स्पिरिटात ठेवून त्यातलं पाणी काढायचं, मग वितळलेल्या मेणात बसवायचा. मेण थिजलं की त्याच्या चकत्या काढायच्या, आणि त्या इतक्या पातळ की कुणी शिंकलं तर थेट खंडाळ्याला जाऊन पडाव्यात. त्या काचेवर अंड्याच्या पांढऱ्या बलकाने चिकटवायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. चकत्या काढायच्या यंत्राला लागायचा वस्तरा. प्रोफेसरांकडे वस्तरे होते दोन, एक चांगला आणि एक बोथट. चांगला जठरासाठी राखून ठेवलेला आणि बोथट स्वतःच्या दाढीला. त्यामुळे मरळीचं पोट लोण्यासारखं कापलं जाई आणि प्रोफेसरांच्या हनुवटीवर कायम कापसाचे बोळे चिकटलेले असत. चांगला वस्तरा वापरायच्या आधी ते दोन-दोन दिवस चामड्याच्या पट्ट्यावर घासत बसत. तो सप्-सप् आवाज घरभर ऐकू यायचा, आणि तेवढ्या वेळात त्यांच्याशी बोलणाऱ्याला ते डोळ्यांनीच सोलून काढायचे.

या कामाला हवा लागते कोरडी. आणि माणूस येऊन राहिला होता लोणावळ्यात, जिथे पावसाळ्यात मीठ चिमटीने घेता येत नाही, ओतावं लागतं! स्पिरिटात पाण्याचा अंश राहिला की काच दुधासारखी पांढरी व्हायची आणि आठवड्याची मेहनत फुकट जायची. ते पाणी ओळखायला प्रोफेसर तव्यावर मोरचूद भाजायचे. मोरचूद भाजलं की पांढरं पडतं, आणि ओल्या स्पिरिटात टाकलं की पुन्हा निळं होतं. जुलै महिन्यात ते टाकायच्या आधीच निळं व्हायचं. मग प्रोफेसर आभाळाकडे बघून जे काही बोलत, ते ऐकून माई कानांवर हात ठेवायच्या.

माई म्हणजे त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर भावाचा संसार सांभाळायला आल्या. भावाने संसार थाटलाच नव्हता, म्हणून भावालाच सांभाळत बसल्या. अख्खं गाव ज्यांना बिचकून असे, त्यांना माई 'बाळ' म्हणत आणि पन्नाशीचं ते बाळ मुकाट्याने 'ओ' देई. मोरचूद पहिल्यांदा भाजलं ते माईंच्या भाकरीच्या तव्यावर. माईंनी तवा उचलून परसात पुरला आणि दुसरा आणला. मीही त्यांच्याकडेच जेवायचो. सोवळ्याओवळ्याच्या त्या घरात अंडं यायचं ते 'औषध' म्हणून आणि मासा यायचा तो 'अभ्यास' म्हणून. माईंनी दोन्ही नावं मान्य केली होती. अट एवढीच, की दोन्ही वस्तू मागच्या दाराने आल्या पाहिजेत.

प्रोफेसरांची शिवीसुद्धा त्यांच्या शास्त्रातलीच. नदीतल्या खवल्या माशाला म्हणे जठरच नसतं. घशातून उतरलेलं थेट आतड्यात जातं. म्हणून ज्याच्यावर राग, तो 'बिनजठराचा'. दूधवाला बिनजठराचा, पोस्टमन बिनजठराचा. त्यांच्या बाटल्यांचं पार्सल एखादा दिवस उशिरा सोडवलं की मीही.

खुशीत असले की मला हाक मारायचे, "पार्सल, या. डोळा लावा." मी पहिल्यांदा डोळा लावला तेव्हा थक्क झालो. घड्या घड्यांचं अस्तर, त्याच्या काठाने डाळिंबी लाल ओळ, खाली जांभळ्या ठिपक्यांच्या रांगा. मी म्हणालो, "वा! पैठणीचा पदर आहे नुसता!"

"पदर कसला? चिकटा आहे तो, चिकटा!" ते ओरडले. "जठरातलं आम्ल मांस विरघळवतं. मग जठर स्वतः का विरघळत नाही? या लाल चिकट्यामुळे. हा पुसून टाकला तर मासा स्वतःलाच पचवून बसेल."

मला आमचे हेडक्लार्क आठवले. मग त्यांनी त्या जांभळ्या रांगा दाखवल्या. माणसाच्या जठरात आम्ल करणारी पेशी वेगळी असते आणि पाचकरस करणारी वेगळी. मरळीत दोन्ही कामं एकच पेशी करते. हे सांगताना त्यांचा आवाज उगाच मऊ झाला. "एकटी करते हो सगळं," ते म्हणाले. स्वयंपाकघरातून माईंच्या भांड्यांचा आवाज येत होता, पण तो काही त्यांच्या कानांपर्यंत पोचत नव्हता.

त्या पेशींतच ते दाणे असतात, ज्यांची चौकशी माझ्या पोटाकडे बघून झाली होती. त्यांचा पाचकरस होतो. पुस्तकं सांगतात, की प्राणी उपाशी असला की दाणे साठून पेशी कणगीसारखी भरते आणि जेवला की रिकामी होते. म्हणून प्रत्येक मरळ शेवटची कधी जेवली, हे प्रोफेसरांना कळायला हवं असे. मरळी आणून द्यायचा कुसगावचा धोंडीभाऊ.

"ही शेवटची कधी जेवली?"

"आता मला काय सांगून आलीया व्हय, सायेब? आमी काय तिच्या पंगतीला न्हवतो."

"अदमासे सांग."

"मंग येळच्या येळी जेवती म्हना की. लय शिस्तीची मरळ हाय."

अशा साक्षीवर शास्त्र उभं राहत नाही. म्हणून प्रोफेसरांनी परसात दोन हौद बांधून घेतले. एकात खात्यापित्या मरळी, त्यांना बेडूक आणि गांडुळं. दुसऱ्यात उपाशी मरळी, त्यांना नुसतं पाणी. पुरेसे दिवस गेले की दोन्हीकडची एकेक काढायची आणि जठरं शेजारी शेजारी ठेवून बघायची.

आणि इथे चमत्कार झाला. उपाशी मरळीच्या पेशी जेवलेल्या मरळीसारख्याच निघाल्या. कणगी भरलेलीच नाही! एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं, पण दर खेपेला तेच, वर्षानुवर्षं तेच. म्हणजे जगभरची पुस्तकं एकीकडे आणि मावळची मरळ एकीकडे. प्रोफेसरांनी हे मुंबईच्या त्या मोठ्या साहेबांना कळवलं, आणि साहेबांचं उत्तर आलं की मे महिन्यात हवेसाठी लोणावळ्याला येणारच आहे, तेव्हा सगळं स्वतः बघेन. खरं असेल तर निबंध तुमच्या नावाने मी स्वतः वाचेन.

त्यानंतर प्रोफेसरांची अवस्था लग्न ठरलेल्या नवरदेवासारखी झाली. "हात नव्हे, पार्सल," मला सांगायचे, "यावेळी त्यांना डोकं दाखवतो." मी वरवर चेष्टा करायचो, पण मनातून मलाही वाटे, की या माणसाचं एवढं एक व्हावं. भर वर्गातला तो एक शब्द त्यांना उभा जन्म टोचत होता.

साहेब यायच्या थोडे आधी मुंबईहून एक पार्सल आलं. प्रोफेसरांनी यंत्रासाठी नवं कोरं पातं मागवलं होतं, कारखान्यातूनच धार लावून आलेलं. मी ते घरी नेऊन दिलं. त्याला पट्ट्यावर घासायची गरजच नव्हती. म्हणाले, "मग आजच," आणि उपाशी हौदातली एक मरळ त्यांनी लगेच काढली. मी तिथेच उभा होतो. त्यांनी जठर उभं चिरलं आणि हात तसाच थांबला.

आत एक अख्खं, ताजं गांडूळ होतं.

प्रोफेसर आधी धोंडीभाऊवर घसरले, आणि तो बिचारा कुसगावात होता. मग माझ्यावर. "तुम्ही! तुम्ही बिनजठराचे स्टेशनवाले!" मी शपथ घ्यायला तोंड उघडतोय, तेवढ्यात माई बाहेर आल्या. हात भाकरीच्या पिठाने माखलेले.

"त्यांना कशाला बोलतोस, बाळ? मी घातलं ते."

"तू?"

"रोजच घालते. पहाटे फुलं काढायला येते तेव्हा."

"रोज? कधीपासून?"

"तू त्यांना उपाशी ठेवायला लागलास तेव्हापासून."

प्रोफेसर हौदाच्या काठावर बसले. "खोटं बोलतेस. मग आजवर एकीच्याही पोटात काही सापडलं कसं नाही?"

"तू वस्तरा घासायला बसलास की मला कळायचं, आता एकीचं भरलं. मग माझा पाय इकडे वळत नसे. मरायला निघालेल्याच्या तोंडाकडे बघवत नाही रे. आज कुठे घासलास वस्तरा?"

"माई, अगं, गांडुळं! तू! हातात धरून?"

"आंघोळीआधी. आणि मी मारलं नाही हं एकही. मी नुसतं काठावर ठेवायचे. पुढे त्याचं प्रारब्ध."

मला हसू आवरेना. तोंडात रुमाल कोंबून मी जांभळाच्या झाडाकडे वळलो. वळून पुन्हा पाहिलं तेव्हा मात्र हसू आपोआप गेलं. प्रोफेसर अजून हातातल्या त्या जठराकडेच बघत होते. घरातल्या कपाटात पेट्याच्या पेट्या भरून काचा रचलेल्या होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, आणि त्यातली प्रत्येक 'उपाशी' मरळ माईंच्या हातचं खाऊन गेलेली होती. मावळच्या मरळीने कुठलाही नियम मोडला नव्हता. तिने उपासच केला नव्हता.

"ती उन्हाळ्यात चिखलात महिनोन्महिने उपाशी पडून राहते गं," ते कसंबसं म्हणाले. "तिला काही होत नाही."

"चिखलात राहू दे. माझ्या दारात नाही."

साहेब यायला अजून अवधी होता. एक खराखुरा उपास करून घेण्यापुरता अवधी होता. उपाशी हौदात आता एकच मरळ उरली होती. प्रोफेसरांनी त्या हौदावर जाळीचं झाकण बसवलं, कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. दुपारी आमची पानं वाढली. मागून माई बसायच्या, त्या बसल्या नाहीत. रात्रीही नाही. दुसऱ्या दिवशी प्रोफेसरांनी विचारलं, तर शांतपणे म्हणाल्या, "ती जेवेल तेव्हा मी जेवेन."

"उपोषणाची साथच आलीय देशात," प्रोफेसर म्हणाले आणि त्यांनी मुद्दाम एक भाकरी जास्त घेतली.

हट्टाच्या बाबतीत दोघं एकाच आईची. माई रोज पाणी प्यायच्या आणि रोज चारी ठाव स्वयंपाक करायच्या. इतका सुग्रास स्वयंपाक त्या घरात एरवी कधी झाला नव्हता. भरली वांगी, कढी, एक दिवस तर सांजाच्या पोळ्या. वाढताना हात कापायचा, पण तूप बरोबर पोळीवर पडायचं. मी ड्यूटीचं निमित्त काढून स्टेशनवर चहा पिऊन राहायला लागलो. प्रोफेसर मात्र खाली मान घालून जेवत राहिले. आधी दोन भाकऱ्या, मग एक, मग अर्धी. त्यानंतर ते नुसताच भात कालवत बसायचे. मी त्यांना म्हणालो, "अहो, सोडा की हट्ट." ते म्हणाले, "पार्सल, हे एवढं गेलं तर माझ्याकडे दुसरं काय आहे?" आणि खरंच दुसरं काही नव्हतं.

मग एका दुपारी माई चुलीवरून भाताचं पातेलं उतरवायला वाकल्या आणि भिंत धरून तशाच खाली बसल्या. "काही नाही, ऊन लागलं," म्हणाल्या. स्वयंपाकघरात उन्हाची तिरीपसुद्धा येत नव्हती.

प्रोफेसर भरल्या पानावरून उठले. जानव्याची गाठ सुटेना, म्हणून त्यांनी किल्लीला हिसडा मारला तसं जानवंच तुटलं. कुलूप उघडलं, झाकण भिरकावून दिलं, जांभळाखालची ओली माती दोन्ही हातांनी उकरून त्यांनी गांडूळ काढलं आणि हौदात टाकलं. मरळ तळाशी गेली आणि ढिम्म हलेना. त्यांनी दुसरं टाकलं, तिसरं टाकलं. खरकट्या, मातीने भरलेल्या हातांनी काठ धरून हा माणूस माशाची विनवणी करत होता, "खा ना गं बाई. खा. एवढं खा."

मरळ खाईना. ते मग ताठ उभे राहिले आणि अगदी हळू म्हणाले, "तिला माझी सवय नाही, पार्सल. माझा हात म्हणजे तिला मरण."

ते आत गेले आणि माईंना दंडाला धरून घेऊन आले. माई काठावर टेकल्या, श्वास घेतला, एक गांडूळ उचलून नेहमीच्या जागी ठेवलं आणि बोटांनी पाणी हलवलं. मरळ सरळ वर आली आणि गांडूळ गट्ट करून खाली गेली.

"खाल्लं हं," माई म्हणाल्या.

"मग आता तू चल," प्रोफेसर म्हणाले. त्या दिवशी माईंचं पान त्यांनी वाढलं. मऊ भात, ताक, लिंबाची फोड. जन्मात कुणाला वाढलं नव्हतं, त्यामुळे मीठ आधी वाढायचं तेच विसरले. माईंनी तेही सांगितलं नाही. मी पार्सल ऑफिसात जातो म्हणून निघालो आणि वाटेत मला रडू आलं.

साहेब ठरल्याप्रमाणे आले. पांढरे केस, हातात काठी, बोलणं मोजकं. त्यांनी एकामागून एक काचा पाहिल्या. बऱ्याच वेळाने डोळा काढून म्हणाले, "इतके स्वच्छ छेद मी कुठेच पाहिले नाहीत. आता उपाशी मरळीचे दाखवा."

"ते नाहीत," प्रोफेसर म्हणाले.

"पण तुम्ही तर कळवलं होतंत…"

"ते चुकलं. माझ्या सगळ्या मरळी जेवलेल्या होत्या. आमच्या माई त्यांना घालत होत्या. नवा शोध वगैरे काही नाही, पुस्तकं बरोबर आहेत."

हे सांगताना त्यांनी मान खाली घातली नाही. मला वाटलं, साहेब आता काहीतरी लागट बोलणार. पण साहेब आधी खदखदून हसले, आणि मग गंभीर झाले. त्यांच्यातही माणूस होता. म्हणाले, "तरी हे काम पुरं झालं पाहिजे. एका पेशीत दोन्ही कामं, हे इतकं स्पष्ट कुणी दाखवलेलं नाही. फक्त उपाशी मासा शेजारी हवा. मुंबईला या. माझ्या प्रयोगशाळेत टाक्या आहेत, लागतील तेवढ्या मरळी उपाशी ठेवा. निबंधावर तुमचं नाव असेल."

प्रोफेसरांचा चेहरा मी पाहिला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं दारात येऊन उभं होतं. ते खुर्चीतून अर्धे उठलेसुद्धा. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि पुन्हा बसले.

"नको, साहेब."

"का? तिथे तुमच्या बहिणीला काय दिसणार आहे?"

"दिसणार नाही. पण घरी आलो की ती विचारेल, मरळी जेवल्या का, म्हणून. मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही."

"मग खरं सांगा."

"खरं सांगितलं तर ती पान सारून उठेल. आणि मी तिथे मुंबईत असेन."

आतून माईंची हाक आली, की पानं घेतली आहेत. प्रोफेसर उठले. त्यांनी सूक्ष्मदर्शकावर फडकं टाकलं, ते नीट चारी बाजूंनी खोचलं आणि मुंबईच्या त्या मोठ्या साहेबांना म्हणाले, "चला, हातपाय धुवून घ्या. या घरात कुणाला उपाशी ठेवायची परवानगी नाही."